गाडीखालचा तेलाचा डाग : जुन्या गाडीची ऑईल गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी



आजचा विषय पिकाचा नाही आणि जनावराचाही नाही. आजचा विषय आहे तुमच्या अंगणात, नाहीतर गोठ्याशेजारच्या छपरात उभी असलेली जुनी मोटारगाडी. गावोगाव आता अशा गाड्या आहेत. कुणाकडे मारुती ८०० आहे, कुणाकडे ओम्नी आहे, एखाद्याकडे वडिलांच्या काळातली अँबॅसिडर आहे. गाडी दोन-तीन हात फिरून आलेली असते. पण दुधाचे कॅन तिच्यातूनच डेअरीला जातात, टोमॅटोचे क्रेट तिच्यातूनच बाजाराला जातात, आणि मध्यरात्री घरात कुणाला बरे वाटेनासे झाले तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तीच पोचवते.

अशा गाडीखाली एके दिवशी सकाळी काळा डाग दिसतो. आधी रुपयाएवढा असतो. महिन्याभरात भाकरीएवढा होतो. मग आपण गाडी गॅरेजला नेतो. तिथे कुणीतरी खाली वाकून बघतो आणि सांगतो, "मागचं सील गेलंय, गिअर बॉक्स उतरवायला लागंल." कधी तर त्याच्याही पुढे जाऊन, "इंजिनाचं कामच काढा." खर्चाचा आकडा ऐकल्यावर माणूस दोनांपैकी एक करतो. एक तर उसाच्या बिलातले पैसे त्यात घालतो, नाहीतर गाडी तशीच पळवत राहतो आणि कधीतरी भर रस्त्यात इंजिन जाम होऊन बसते. हे दोन्ही पुष्कळ वेळा टाळता येते. गॅस्केटची किंमत शेकड्यात असते, इंजिन उघडायची किंमत हजारांत जाते. मधला फरक असतो तो गळतीची जागा नीट शोधण्याचा.

त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या. तेल जिथे पडते तिथून ते गळत असतेच असे नाही. कौलारू घरात पाणी खाटेवर टपकते, पण फुटके कौल त्या खाटेच्या बरोबर वर असते का? ते असते चार हात पलीकडे, आड्याजवळ. पाणी वाशावरून ओघळत येते आणि जिथे वासा अडतो तिथे टपकते. इंजिनाचेही तसेच आहे. वरच्या झाकणातून निघालेले तेल अंगावरून ओघळते, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि सगळ्यात खालच्या बोल्टावरून थेंब सोडते. आपण तो बोल्ट आवळतो. गळती आपली चालूच.

इंजिनात तेल अडवण्याच्या दोन तऱ्हा असतात. जिथे दोन भाग एकमेकांवर गच्च बसतात, हलत नाहीत, तिथे मध्ये गॅस्केट असते. ते कागदाचे, बुचाचे किंवा रबराचे असते. आणि जिथे फिरता दांडा बाहेर येतो तिथे ऑईल सील असते. ते रबराचे कडे असते, आणि त्याची पातळ ओठासारखी कड दांड्याला चिकटून राहते. इंजिनाची उष्णता वर्षानुवर्षे सोसून रबर कडक होते, बूच आक्रसते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तेव्हा कारखान्यातून आलेले रबर अजून तिथेच असेल तर त्याने गळू नये असे म्हणणे म्हणजे फार झाले. गाडी पावसाळाभर नुसती उभी ठेवली, तरी सीलची कड सुकते आणि दिवाळीत गाडी काढली की गळायला लागते.

आता कामाला लागू.

पहिले काम म्हणजे गळते ते इंजिन ऑईलच आहे का, हे बघणे. खताच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, रात्री गाडीखाली पसरा. पुढच्या दोन चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग कुठल्या बाजूला पडला ते कळेल. सकाळी डागाला बोट लावा आणि वास घ्या. इंजिन ऑईल काळपट तपकिरी असते आणि वापरलेल्या तेलाचा जळका वास येतो. गिअर ऑईल त्याहून दाट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. तो नाक लक्षात ठेवते. ब्रेक ऑईल पातळ असते आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पेडलाजवळ सापडते. ब्रेक ऑईल गळत असेल तर हे भाषण बाजूला ठेवा आणि गाडी जागची हलवू नका, मेस्त्रीला घरी बोलवा. रेडिएटरचे पाणी हिरवे किंवा लालसर आणि चिकट असते. एसी असलेल्या गाडीखाली नितळ पाण्याचा थेंब पडतो, त्याची काळजी नको.

दुसरे काम म्हणजे ऑईलची काडी. सपाट जागेवर, सकाळी गाडी चालू करायच्या आधी काडी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. डेअरीच्या कार्डावर जशी दुधाची नोंद होते तशी एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काडीवरची पातळी लिहून ठेवा. मारुती ८०० च्या ७९६ सीसीच्या इंजिनात तेल तीन लिटरच्या आतबाहेरच मावते. ट्रॅक्टरच्या मानाने हे फार थोडे. तेव्हा त्यातले एक लिटर कमी झाले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पुठ्ठ्यावर डाग लहान आणि काडी मात्र भराभर खाली उतरते, असे दिसले तर तेल गळत नसून जळते आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. तो रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा दोष झाला, त्याला बाहेरून कितीही गॅस्केट बदलली तरी उपयोग नाही.

काडीचा वासही घेत जा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल आतल्या आत तेलात उतरते. मग काडीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढते, तेल पाण्यासारखे पातळ होते, पेट्रोलचा वास मारते, आणि असे पातळ तेल जिथे जागा मिळेल तिथून झिरपते. काही जण खूश होतात की आमच्या गाडीला ऑईल टाकायलाच लागत नाही! अशा वेळी पंप बदला, लगेच तेल बदला, आणि मगच गळतीचे बघा.

तिसरे काम आहे इंजिन धुणे. हे काम कंटाळवाणे आहे म्हणून सगळे टाळतात, आणि नेमके इथेच फसतात. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून इंजिनावर बोटभर जाडीचा काळा थर झालेला असतो. त्यात ताजी गळती दिसणार कशी? इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची वजा बाजूची तार सोडवा. डिस्ट्रिब्युटर, कॉईल, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटर यांच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधा. मग जुन्या रंगाच्या ब्रशने डिझेल लावून थर सैल करा. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत, ते आता सहज मिळत नाही. डिझेलने काम होते. पेट्रोल मात्र कदापि वापरू नका, एका ठिणगीने गाडी आणि छप्पर दोन्ही जाईल. थर निघाला की कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने घासा, साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, फडक्याने पुसा आणि उन्हात वाळू द्या. फवारणीच्या पंपाने किंवा सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने तारांच्या जोडांवर पाणी मारू नका. गळती राहील बाजूला आणि गाडी चालूच होणार नाही.

इंजिन वाळले की अंगाला लावायची टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी घ्या. संशयाच्या जागांवर कापडाच्या पुरचुंडीतून हलकी उडवा. पट्टे आणि पंख्याच्या बाजूला फार नको. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. परत आल्यावर इंजिन बंद करून, बॅटरी घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी ओली रेघ उठलेली दिसेल. ती रेघ खालून वर वाचत जा. जिथे ती वर संपते, तिथे गळतीचा उगम. जिथे डोळा पोचत नाही तिथे दाढीचा लहान आरसा धरा, नाहीतर मोबाईल आत सरकवून फोटो काढा. हल्ली पोरांच्या हातात मोबाईल असतोच, त्याला थोडे कामाला लावा. शहरातल्या गॅरेजमध्ये तेलात घालायचा एक रंग आणि तो चमकवणारी निळी बॅटरी मिळते. सोय चांगली आहे, पण पावडरीने बहुतेक वेळा भागते.

ओम्नीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे वरच्या गळत्या सीट उचलल्या की दिसतात. पण इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले आहे. पुढच्या टोकाचे तेल वाऱ्याने मागे सगळीकडे फासले जाते. म्हणून ओम्नीत धुतल्याशिवाय निदान करूच नये.

आता वरून खाली जाऊ. सगळ्यात वर टॅपेट कव्हर. जुन्या गाडीत पहिला संशय याच्यावर घ्यावा, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. याचे गॅस्केट कडक झाले की तेल हेडच्या कडेने ओघळते. धुराच्या गरम मॅनिफोल्डवर पडले तर गाडी थांबल्यावर जळका वास येतो, बॉनेटखालून धुराची रेघ निघते. ही गळती थोडी असली तरी दुर्लक्ष करू नका, आगीचा धोका आहे. गॅस्केट बदलणे घरी जमण्यासारखे आहे. जुने गॅस्केट काढताना लोखंडी पातीने खरडू नका. हेड ॲल्युमिनियमचे असते, त्यावर ओरखडा पडला की नवीन गॅस्केटही गळणार. लाकडाची चपटी काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. आणि झाकणाचे बोल्ट हे ट्रॅक्टरच्या चाकाचे नट नव्हेत. लहान पान्याने, मनगटाच्या जोराने, आलटून पालटून आवळायचे. जास्त आवळले की पत्रा वाकतो, रबर पिळून बाहेर येते आणि गळती आधीपेक्षा वाढते. "आणखी एक पिळा मारतो" म्हणणारा माणूस या कामाला उभा करू नका.

त्यानंतर ऑईल फिल्टर. नुकतेच ऑईल बदलले आणि गळती सुरू झाली, तर दुसरीकडे शोधायलाच जाऊ नका. जुन्या फिल्टरचे रबरी कडे पुष्कळदा इंजिनालाच चिकटून राहते आणि त्याच्यावरच नवा फिल्टर चढवला जातो. दोन कडी एकावर एक आली की तेल दाबाने पिचकारीसारखे उडते, थोड्या वेळात इंजिन रिकामे होते. म्हणून जुना फिल्टर काढला की त्याचे कडे त्याच्यासोबत आले का, हे डोळ्यांनी बघा. नव्याच्या कड्याला तेलाचे बोट लावा, हाताने फिरवत न्या, कडे टेकले की पुढे पाऊण फेरा. पाना नको. खालच्या ड्रेन बोल्टाचे वायसर दर वेळी नवे घाला, हे सांगायला नकोच. ऑईलचा लाल दिवा पेटवणारे एक लहान स्विच असते, त्याला एकच तार असते. तार काढल्यावर तिच्या टोकाला तेल लागलेले दिसले तर स्विच फुटले आहे. बदलून टाका, वस्तू स्वस्त आहे.

खालचे ऑईल चेंबर दगडावर घासून पिचते किंवा त्याचे गॅस्केट जाते. त्याचे बोल्टही वरच्यासारखेच हलके आवळायचे. पण चेंबर ओले दिसले की लगेच ते उतरवू नका. ते सगळ्यात खाली असल्यामुळे वरच्या प्रत्येकाचे तेल त्याच्यावरच येते.

पट्ट्याच्या बाजूला दोन सील असतात, वर कॅमशाफ्टचे आणि खाली क्रँकचे. ही गळली की प्लॅस्टिकच्या झाकणाखाली तेल साचते आणि आतला टायमिंग बेल्ट भिजतो. रबर भिजले की फुगते, सैल पडते, दात सुटतात आणि गाडी चालता चालता बंद पडते. हे काम मात्र जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या, कारण बेल्टाच्या खुणा चुकल्या तर इंजिनाचा मेळ बिघडतो. तुम्ही एवढेच सांगा, की बेल्ट काढलाच आहे तर दोन्ही सीलं आणि बेल्ट एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते. नवे सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत असावी. कडेला तेल लावावे आणि सील सरळ ठोकावे. दांड्यावर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर सील थोडे पुढेमागे बसवून कड नव्या जागी आणावी, नाहीतर महिन्यात पुन्हा गळेल.

आता ज्या गळतीपायी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तिच्याकडे येतो. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या सांध्याखाली, म्हणजे बेल हाऊसिंगच्या तळाशी थेंब लोंबतो. मेस्त्री बघतो आणि म्हणतो, क्रँकचे मागचे सील. ते बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागतो. असेलही तसे. पण कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये आणि ओम्नीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या त्याच टोकाला, गिअर बॉक्सच्या वरच्या अंगाला असतो. तिथले रबरी कडे किंवा गॅस्केट कडक झाले की तेल हेडच्या मागून सरळ खाली गिअर बॉक्सवर ओघळते आणि सांध्याच्या तळाशी येऊन थेंब धरते. खालून बघणाऱ्याला दोन्ही गळत्या अगदी सारख्या दिसतात.

एका भाजीवाल्या बागायतदाराची ओम्नी अशीच एका गॅरेजमध्ये गिअर बॉक्स उतरवून ठेवली होती. मागचे सील नवे घातले, क्लच प्लेटही बदलली, चार दिवस बाजार बुडाला. गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी थेंब पुन्हा तिथेच. शेवटी इंजिन धुऊन पावडर मारली तेव्हा रेघ डिस्ट्रिब्युटरपासून सुरू झालेली निघाली. बांगडीहून लहान रबरी कडे बदलले आणि गळती थांबली.

म्हणून बेल हाऊसिंगचा थेंब दिसला तर आधी डिस्ट्रिब्युटरच्या खाली बोट फिरवून बघा. तिथे कोरडे, टॅपेट कव्हरची मागची कड कोरडी, आणि तरीही खाली थेंब, असे झाले तरच मागच्या सीलकडे वळा. थेंबाचा वासही घ्या, कारण गंधकासारखा वास आला तर तो गिअर बॉक्सच्या सीलचा. क्लच घसरायला लागला असेल, म्हणजे इंजिन ओरडते पण चढावर गाडी पळत नाही, तर तेल आत क्लच प्लेटवर गेल्याचा संभव आहे आणि मग गिअर बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. डिस्ट्रिब्युटर काढायचा झाला तर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि इंजिनावर मिळून एक सरळ रेघ ओढून घ्या, आतला रोटर कुठे तोंड करून आहे तेही टिपून ठेवा. बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाहीतर गाडीचा टायमिंग बिघडतो. ज्या नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन आहे त्यांची मांडणी वेगळी आहे, तिथे हात घालण्याआधी विचारून घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी बघायची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, ती म्हणजे इंजिनाचा श्वास. सिलिंडरमधला थोडा धूर रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या भागात उतरतच असतो. तो बाहेर जायला टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी काळ्या चिकट्याने तुंबली, मुरगळली किंवा कुणी बोळा कोंबून बंद केली, की आत दाब वाढतो. झाकण दाबून धरलेल्या भाताच्या तपेल्यासारखी गत होते. वाफ मिळेल त्या फटीतून ऊत काढते. अशा इंजिनाला तुम्ही आज वरचे गॅस्केट बदला, उद्या ते खालून गळेल. खालचे बदला, परवा काडीच्या भोकातून तेल उडेल. तीन-चार ठिकाणांहून एकदम गळती सुरू झाली तर पहिला संशय ब्रीदरचा घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू करून मंद ठेवा, वरचे ऑईल भरायचे झाकण सोडवा आणि भोकावर उलटे, सैल ठेवा. थोडेसे थरथरले तर ठीक. उड्या मारायला लागले, भकाभक धूर आला, तर आत दाब आहे. इंजिन बंद करा, नळी काढा, डिझेलने धुवा, फुंकून बघा, एअर क्लीनर साफ करा आणि पुन्हा परीक्षा घ्या. नळी स्वच्छ असूनही झाकण उड्या मारते, तर रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा मात्र "इंजिनाचं काम काढा" म्हणणारा मेस्त्री खरे बोलतो आहे.

जुन्या पेट्रोल अँबॅसिडरला ही गोष्ट दुपटीने लागू आहे. तिच्या १४८९ सीसीच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतेच. दांड्यावर उलटे आटे कापलेले असतात आणि ते फिरताना तेल आत ओढून घेतात. ब्रीदर तुंबला की हे आटे हरतात आणि मागून तेल येते. अशा गाडीचे "मागचे सील बदलले" म्हणून कुणी बिल दिले तर काय बदलले ते जरूर विचारा. इंजिन बंद केल्यावर एखादा थेंब पडणे हा तिचा स्वभाव आहे. त्यापायी इंजिन उतरवू नका.

आता उपायांच्या नावाखाली जे चालते त्याविषयी थोडे. गॅस्केटला पेस्ट लावायची ती दोऱ्याएवढी. जाड थर फासला की बाहेर जेवढा दिसतो तेवढाच आतही पिळून निघतो, त्याचे तुकडे तेलात पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. मग चेंबरमध्ये तेल भरलेले असूनही बेअरिंगला मिळत नाही. गळतीपेक्षा हे वाईट. चेंबरच्या बारीक भोकाला बाहेरून एम-सील लावून घरापर्यंत येता येते, पण पत्रा तेलाविना कोरडा आणि घासून स्वच्छ केला तरच ते धरते. साबणाची लादी पेट्रोलच्या टाकीला दाबतात तशी इथे दाबू नका, गरम तेलापुढे ती टिकत नाही. गळती थांबावी म्हणून ट्रॅक्टरचे जाड ऑईल मारुतीत ओतणारेही आहेत. थेंब कमी होतो, हे खरे. पण थंडीच्या सकाळी ते जाड तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅमशाफ्ट कोरडा घासतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचे तेल घाला. गळती थांबवणारे औषध बाटलीत मिळते. ते रबर थोडे फुगवते, त्यामुळे कडक झालेल्या सीलच्या बारीक पाझराला कधी कधी गुण येतो. फाटलेल्या सीलला किंवा गॅस्केटला त्याचा काही उपयोग नाही.

गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. जॅक सरकतो. विटा आणि दगडही चालत नाहीत, ते वजनाखाली फुटतात. पक्के लोखंडी स्टँड असतील तरच खाली शिरा. ते नसतील तर गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर न्या. टणक सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला आणि जमिनीवरच्या चाकांना पाचर, एवढे झाल्याशिवाय जॅकला हात लावू नये. जवळ एक माणूस उभा ठेवा.

गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावीच लागणार, हे उघड आहे. मग रोज सकाळी काडी बघा, डिकीत एक लिटरचा डबा ठेवा, आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा अर्थ नीट समजून घ्या. तो दिवा तेल कमी होत आले आहे असे सांगत नाही. तेलाचा दाब गेला आहे, असे सांगतो. तो चालू गाडीत पेटला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ, असे म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा. काही मिनिटे थांबून काडी बघा. तेल कमी असेल तर भरा आणि चालू करा. दिवा विझला तर सावकाश घरी या. भरूनही विझला नाही तर इंजिन पुन्हा चालू न करता गाडी ओढून आणा. ट्रॅक्टर असतोच कुणाचा तरी.

जाता जाता काढलेल्या तेलाबद्दल. जुने काळे तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. बैलाच्या जखमेवर किंवा गोचिडांसाठी गुरांच्या अंगावर ते चोपडायची चाल काही ठिकाणी आहे, तीही बंद करा. त्यात झिजलेल्या धातूचा अंश आणि जळके विषारी पदार्थ असतात, ते माणसाच्या कातडीलाही अपायकारक आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा, आणि वापरलेले तेल शुद्धीकरणासाठी पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. हात साबणाने धुवा. पुठ्ठा मात्र फेकू नका. दुरुस्तीनंतर आठ दिवस तो रोज रात्री गाडीखाली टाका, डागाभोवती पेनाने गोल काढून तारीख लिहा. नवा डाग पडला नाही तर काम झाले असे समजा, पडला तर तोच पुठ्ठा घेऊन मेस्त्रीकडे जा.